ऐकू न येणाऱ्यांचे सांगाती

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एका निवृत्त केंद्रप्रमुखांनी केलेले भाषण)



निवृत्त माणसाला भाषणास बोलावले म्हणजे तो जुन्या आठवणी काढतो आणि समोरची तरुण मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात, हे मी आपल्यामध्ये बसून पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून प्रारंभीच विषय सांगून टाकतो. ज्यांना कमी ऐकू येते किंवा मुळीच ऐकू येत नाही, अशांना आपल्यासारखीच दुसरी माणसे कोठे व कशी भेटावीत, आणि ती भेट घडवून आणण्याच्या कामी खेड्यातील प्राथमिक शिक्षकाला काय करता येईल, एवढ्याचपुरते मी बोलणार आहे. श्रवणयंत्रे, शस्त्रक्रिया, प्रमाणपत्रे व सवलती यांविषयी माहिती देणारी परिपत्रके आपल्याकडे येतच असतात. सोबतीविषयीचे परिपत्रक मात्र माझ्या सबंध नोकरीत माझ्या हाती पडले नाही.

या विषयावर बोलण्याचा अधिकार मला माझ्या कानांनी दिला आहे. सन २००६ च्या पावसाळ्यात मी एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी व चौथीचे वर्ग घेत होतो. माझे वय तेव्हा सेहेचाळीस होते. तिसरीतील एक मुलगी उभी राहून धडा वाचीत होती. मी तिला म्हटले, "मोठ्याने वाच." तिने पुन्हा आरंभ केला. मी पुन्हा तेच म्हटले. चौथ्या वेळी माझा संयम सुटला. मी तिच्यावर ओरडलो आणि तिला दाराशी उभे केले. पुढे तीन दिवस ती शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी तिची आजी तिला घेऊन आली व म्हणाली, "गुरुजी, पोरगी घसा फोडून वाचत होती. पलीकडं ओट्यावर मला समदं ऐकू येत होतं." तिच्या स्वरात राग नव्हता. थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "आमच्या मालकांचं बी असंच झालंय. येऊन बसा एकदा त्यांच्यापाशी."

मी गेलो नाही. मला त्या बोलण्याचा अपमान वाटला. आपले ओट्यावर बसणारे एक वृद्ध शेतकरी, आणि आपण चालत्या नोकरीतील शिक्षक; आपले त्यांच्याशी काय साम्य, असा विचार माझ्या मनात आला. या गोष्टीकडे मी पुढे पुन्हा येईन.

कमी ऐकू येणे म्हणजे नेमके काय, याविषयी चांगल्या सुशिक्षितांतही गैरसमज आहे. लोकांस वाटते, आवाज लहान होतो. तो मोठा केला की काम भागले. पण वयोमानाने किंवा सततच्या गोंगाटाने जेव्हा कान अधू होतात, तेव्हा बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. स्वर ऐकू येत राहतात. स, श, त, थ, फ, ख यांसारखी व्यंजने गळून पडतात. कोणी 'साप' म्हटले की कानात फक्त 'आप' पोहोचते, आणि तो साप, ताप की थाप हे मनाने ठरवावे लागते. त्यामुळे असा माणूस म्हणतो, "मला ऐकू येते, पण कळत नाही." घरचे म्हणतात, "याला सोयीचे तेवढे ऐकू येते." दोघेही आपापल्या परीने खरेच सांगत असतात. दिवसभर असे तर्क करीत राहिल्याने जो थकवा येतो, तो ज्याचा त्यालाच ठाऊक.

तर्क चुकला की फजिती ठरलेली. एकदा तपासणीस आलेल्या साहेबांनी मला विचारले, "गुरुजी, तुमच्या शाळेत गळती किती?" मला फक्त 'गळती' एवढेच उमगले. मी म्हणालो, "पावसाळ्यात फार होते साहेब, दोन पत्रे फुटले आहेत." सारे हसले. सारे हसतात म्हणून मीही हसलो. साहेबांनी विद्यार्थ्यांची गळती विचारली होती, हे मला सोबतच्या शिक्षिकेने दुसऱ्या दिवशी सांगितले. तेव्हापासून मी बैठकीत मागे बसू लागलो, आणि पुढे तर काही ना काही निमित्त काढून बैठकाच टाळू लागलो. लग्नकार्यास जाणे सोडले. घरी जेवताना मुले आपसांत बोलत, आणि मी विचारले की उत्तर मिळे, "काही नाही, जाऊ दे." हे 'जाऊ दे' ज्याच्या वाट्याला रोज येते, तो हळूहळू स्वतःच माणसांतून निघून जातो.

आपल्या भाषेनेही या बाबतीत फारशी दया दाखविलेली नाही. आंधळ्याला आपण वाट दाखवितो, पण बहिऱ्याची गंमत करतो. वगनाट्यातील बहिरा म्हातारा हा हशाचा हुकमी मालक. त्यात वाईट हेतू नसतो, हे मी मान्य करतो. परंतु म्हणूनच माणूस डोळ्याला चष्मा उघडपणे लावतो आणि कानाचे यंत्र खिशात लपवितो. मीही तेच केले. गावोगाव फिरणाऱ्या एका विक्रेत्याकडून, कोणतीही तपासणी न करता, एक यंत्र विकत घेतले. त्यातून माणसांच्या बोलण्यापेक्षा पंख्याचा व भांड्यांचाच आवाज अधिक येई. महिन्याभरात ते कपाटात गेले, आणि त्याबरोबर माझी आशाही.

सन २००९ च्या उन्हाळ्यात पत्नीने हट्टच धरला म्हणून मी जिल्हा रुग्णालयात श्रवणाची तपासणी करून घेण्यास गेलो. तेथील लाकडी बाकावर आम्ही पाच जण आपापल्या पाळीची वाट पाहत होतो. एक एस. टी.चे निवृत्त चालक, पिठाची गिरणी चालविणाऱ्या एक बाई, एक शेतकरी, तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आलेली एक तरुण आई, आणि मी. गिरणीवाल्या बाईंनी मला काहीतरी विचारले. मी सवयीने मान डोलावली. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मान हलवू नका. ऐकू नाही आलं तर 'काय' म्हणा. इथं समदे तसलेच आहेत." आणि त्या मोठ्याने हसल्या. तीन वर्षांत प्रथमच मी एका माणसाला एकच गोष्ट तीनदा विचारली, आणि त्याही माणसाने मला तीनदा विचारली, आणि कोणाच्याही कपाळाला आठी पडली नाही. चालकदादांनी सांगितले की, गाडीचे इंजिन तीस वर्षे त्यांच्या डाव्या बाजूस धडधडत होते. गिरणीवाल्या बाईंचेही कारण उघड होते. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काढणे ही कानाच्या सहनशक्तीची मर्यादा मानली जाते, हे आम्हाला त्या दिवशी आत गेल्यावर कळले. आमच्यापैकी कोणालाही ते नोकरीच्या किंवा धंद्याच्या आरंभी कोणी सांगितले नव्हते.

माझा तपासणीचा आलेख निघाला. तोटा होता, पण प्रमाणपत्र मिळण्याइतका नव्हता. १९९५ च्या अपंग व्यक्तीविषयक कायद्यात चांगल्या कानाचा तोटा ६० डेसिबल किंवा अधिक असेल तरच नोंद होई. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही ऐकू कमी येणाऱ्याची रेषा दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून सुरू होते व ७० पासून पुढे बधिर म्हटले जाते. रेषा कोठेतरी आखावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जो रेषेच्या अलीकडे राहतो, त्याचे एकटेपण काही कमी नसते. तो कोणत्याही यादीत नसतो, म्हणून त्याला कोणी शोधीतही नाही. अशांची संख्या थोडी आहे असेही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात १५० कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू कमी येते, आणि त्यांपैकी सुमारे ४३ कोटींना उपचार व पुनर्वसनाची गरज आहे.

बाकावरून उठताना आम्ही ठरविले की, तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी महिन्यातून एकदा भेटावयाचे. बाजाराचा दिवस अशासाठी की, त्या दिवशी प्रत्येकाचे तालुक्यास येणे होतेच; वेगळे भाडे पडत नाही आणि घरी कारणही द्यावे लागत नाही. पहिली भेट देवळाच्या सभामंडपात झाली, आणि ती पूर्णपणे फसली. दगडी मंडपात आवाज घुमतो. त्यात घंटा, पंखे आणि चपलांचा आवाज. आम्ही पाच जण एकमेकांकडे पाहून हसलो आणि चहा पिऊन घरी गेलो. दुसरी भेट एका परिचित मुख्याध्यापकांच्या अनुमतीने शाळेच्या खोलीत, शाळा सुटल्यावर झाली. त्यानंतर जागा बदलली नाही.

तिसऱ्या का चौथ्या भेटीस आमच्यातील एकाने हौसेने एका वक्त्यांना बोलाविले. मग हार आले, नारळ आला, प्रास्ताविक झाले, आभार झाले. वक्त्यांनी टेबलामागे खिडकीकडे पाठ करून तासभर भाषण केले, आणि आमच्यापैकी कोणालाही त्यातील अक्षर कळले नाही. (आपल्याकडे चार माणसे जमली की पाचवा अध्यक्ष हवाच असतो!) तेव्हापासून आम्ही प्रमुख पाहुण्यांना रजा दिली, आणि माझ्या मते मंडळी टिकली ती त्यामुळेच.

आमची पद्धत साधी होती. खुर्च्या वर्तुळात. उजेड बोलणाऱ्याच्या पाठीवर पडू द्यावयाचा नाही, कारण मग तोंड काळे दिसते व ओठ कळत नाहीत. बोलणाऱ्याने आधी हात वर करावयाचा, म्हणजे कोणाकडे पाहावे ते समजते. एका वेळी एकानेच बोलावयाचे. मध्ये फळा व खडू. अडले की लिहावयाचे. आणि 'जाऊ दे' हा शब्द उच्चारावयास सक्त मनाई.

तेथे काय मिळाले, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण 'भेटून काय होणार' असा प्रश्न आपल्याला पालक व वृद्ध हमखास विचारतील. चालकदादांना नवे यंत्र मिळाले होते व आठवड्याच्या आत ते फेकून देण्याच्या बेतात होते. गिरणीवाल्या बाईंनी त्यांना आपला क्रम सांगितला: पहिले काही दिवस घरात, शांत वेळी, तासभरच घालावयाचे, मग अंगणात, मग बाजारात. पुष्कळ दिवस न ऐकलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखीचे व्हावयास काही आठवडे, क्वचित काही महिनेही लागतात. हे तज्ज्ञांनीही त्यांना सांगितले असेल. पण स्वतःच्या कानावर घालून पाहिलेल्या माणसाने सांगितल्यावर ते त्यांना पटले. यंत्राच्या चपट्या बॅटरीवरील चिकटपट्टी एकदा काढली की ती वापरली नाही तरी खर्ची पडू लागते. पावसाळ्यात यंत्र रात्री ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत ठेवावे. यंत्राचा खरा उपयोग हाताच्या अंतरावरील बोलण्यास होतो, दूरच्या भाषणास फार कमी होतो. अशा गोष्टी आम्ही एकमेकांकडूनच शिकलो. कपाटातील माझे जुने यंत्र मी सर्वांस दाखविले. तेव्हा कळले की, तशीच फसगत आणखी दोघांची झाली होती. आपण एकटेच मूर्ख ठरलो नाही, एवढ्यानेही केवढा भार हलका होतो!

आणि एक गोष्ट मात्र मी मंडळींना दिली. मी शिक्षक, मला वर्णमाला येत होती. आपली वर्णमाला उच्चारस्थानाप्रमाणे रचलेली आहे, हे आपण पाठ करून घेतो: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. पण त्याचा उपयोग मला तीस वर्षे कधी पडला नव्हता. ओठ पाहून बोलणे ओळखावयाचे झाल्यास प-वर्ग डोळ्याला दिसतो आणि क-वर्ग घशात लपून राहतो. पण प, ब, भ, म हे दिसतात ते अगदी एकसारखे. आरशासमोर उभे राहून आवाज न करता 'पोळी', 'भोळी', 'मोळी' असे म्हणून पाहा. ओठ एकच शब्द बोलतात. म्हणून ओठ वाचणाऱ्याला विषय आधी कळला पाहिजे. जेवणाची गोष्ट चालली असेल तर पोळी, सरपणाची असेल तर मोळी. "आता जेवणाबद्दल बोलतो आहोत" एवढे एक वाक्य घरच्यांनी आधी म्हटले तरी निम्मे काम होते. आम्ही दोन-तीन महिने हा खेळ फळ्यावर खेळलो. चालकदादा हरले की म्हणत, "गुरुजी, या वयात पहिलीत बसवलंत."

ही कल्पना काही आम्हीच प्रथम काढली असे नव्हे. इंग्लंडातील लेखिका हॅरिएट मार्टिनो यांना तरुणपणापासून ऐकू येत नसे. त्यांनी १८३४ साली आपल्यासारख्या बधिरांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले होते. आपले न्यून लपवू नका, हा त्यांचा उपदेश मला फार मोलाचा वाटतो. मात्र कोण काय म्हणाले हे आपण होऊन विचारावयाचे नाही, असा जो त्यांचा स्वतःचा निश्चय होता, तो मला मान्य नाही. माझा कल गिरणीवाल्या बाईंकडे आहे. अमेरिकेत हॉवर्ड स्टोन या गृहस्थांचे कान दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात असताना स्फोटाने अधू झाले होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी १९७९ साली कमी ऐकू येणाऱ्यांची एक स्वावलंबी संघटना काढली. तिच्या गावोगाव शाखा झाल्या, आणि आज ती निराळ्या नावाने चालू आहे. बोलता येऊ लागल्यानंतर, मोठेपणी ज्यांचे कान गेले अशांची वेगळी संघटना तेथेच, शिकागो शहरात, १९८७ साली निघाली.

वेगळी का, हे समजून घेण्यासारखे आहे. जन्मतः बधिर असलेल्या व खुणांची भाषा मातृभाषेसारखी बोलणाऱ्या लोकांचा आपला एक समाज असतो. त्याला स्वतःची भाषा आहे, विनोद आहेत, स्नेहसंमेलने आहेत. ती भाषा पूर्ण भाषा आहे, निव्वळ हातवारे नव्हेत. आपल्या देशात तिच्यासाठी २०१५ साली दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, आणि २०२१ पर्यंत त्याच्या कोशात १०,००० शब्द आले. पण पन्नाशीत कान गेलेला माणूस त्या मेळाव्यात गेला तर तो तेथे परका ठरतो, आणि ऐकणाऱ्यांत आला तर इकडेही परका. तेव्हा कोणाला कोठे पाठवावयाचे, याचा विचार केला पाहिजे. वृद्धाला वृद्धाकडे, आईबापांना आईबापांकडे, आणि बधिर मुलाला शक्य तितक्या लवकर दुसऱ्या बधिर मुलांकडे, तसेच बधिर प्रौढांकडेही. आपण मोठेपणी कसे दिसू, कोणता व्यवसाय करू, हे त्या मुलाला दुसरे कोण दाखविणार?

आता त्या तरुण आईविषयी. मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत नवस, अंगारे, 'बोलेल उशिरा, हिचा बापही उशिराच बोलला होता' असा सल्ला, यांत काळ गेला होता. खरे तर जन्मानंतर महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपायास आरंभ, असा क्रम असावा असे तज्ज्ञ सांगतात. त्या बाईंना मुलीच्या कानाइतकेच दुःख या गोष्टीचे होते की, सासरी सर्वजण दोष त्यांना देत. आमच्या मंडळीत त्यांना उपदेश करणारे पुष्कळ झाले. मीही त्यांत होतो. त्याचा काही परिणाम झाला नाही. मग शेतकरीबुवांनी ओळखीतल्या एका बाईंना आणले. त्यांची मुलगी कर्णबधिर विद्यालयात सातवीत शिकत होती. त्या बाई फारसे बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून मुलीची निबंधाची वही काढली आणि त्या तरुण आईच्या मांडीवर ठेवली. मी पाहत होतो. तिने ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटली, मग पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या आठवड्यात ती मुलीला घेऊन यंत्राचे माप देण्यास गेली. ती मुलगी पुढे जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकली.

अमेरिकेतील एका प्रसिद्ध नटाची पत्नी, लुईस ट्रेसी, हिनेही आपल्या बधिर मुलाला वाढविताना जे शिकली, ते इतर मातांस सांगण्यासाठी १९४२ साली लॉस एंजेलिस येथे एक केंद्र काढले. आरंभ मातांच्या लहानशा मेळाव्यातून झाला, आणि पुढच्याच वर्षी दूरच्या आईबापांसाठी टपालाने पाठ पाठविणे सुरू झाले. ज्यांना एकत्र बसता येत नाही, त्यांची सोबत टपालानेही घडविता येते, हे तिने दाखविले. आज आपल्या खिशात टपालाहून वेगवान साधन आहे, आणि ऐकू न येणाऱ्याला लिखित संदेशाचे जे सुख आहे, ते इतरांना कळणार नाही.

शिक्षकाचे काम येथे का येते, ते पाहू. साधारणतः हजार नवजात बालकांत एक-दोघांचे श्रवण जन्मतःच लक्षणीय अधू असते. म्हणजे आपल्या एखाद्या लहान गावात असे मूल एकच असेल, किंवा नसेलही. त्या आईला गावात दुसरी तशी आई मिळणे जवळजवळ अशक्य. तिला वाटते, असे जगात माझ्याच घरी झाले. पण एका केंद्रात दहा-पंधरा शाळा, एका तालुक्यात अशी कित्येक केंद्रे. त्या सर्व गावांची माणसे महिन्यातून एकदा एका खोलीत येतात ती फक्त येथे, आपल्या या परिषदेत. तलाठी व ग्रामसेवकही गावोगाव आहेत, पण घरातील मूल बोलू लागले की नाही हे त्यांना कळत नाही. आपल्याला कळते. आपण चहाच्या वेळी एकमेकांना एवढेच विचारावे: "तुमच्या गावात कोणी आहे का?"

पण विचारण्यापूर्वी त्या घरची अनुमती घ्यावी. हे मी आग्रहाने सांगतो. कोणाचेही नाव त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या गावी जाऊ नये, विशेषतः मुलीचे. आणि अशा मुलाला २६ जानेवारीच्या कार्यक्रमात व्यासपीठावर उभे करून त्याच्या यंत्रावर भाषण करू नये. त्याला जे हवे आहे ते टाळ्यांत नसते. 'मूकबधिर' हा शब्दही आता टाकून द्यावा. मुलाचा कंठ बहुधा शाबूत असतो. ऐकले नाही म्हणून ते बोलत नाही.

सांगाती शोधण्याच्या इतर जागा थोडक्यात सांगतो. जिल्हा रुग्णालयातील श्रवणतज्ज्ञांकडे, तपासणीच्या व प्रमाणपत्राच्या दिवशी, बाकावर. मला तर तेथेच भेटले. जवळच्या कर्णबधिर विद्यालयात, पालकसभेच्या दिवशी. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडे. त्यांना तालुक्यातील घरे ठाऊक असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे पथक शाळेत येते तेव्हा शंका असलेले मूल त्यांच्यापुढे आवर्जून उभे करावे. मुंबईस वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. अधिक मार्गदर्शन तेथे मिळते. वृद्धांसाठी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. मात्र तेथे जो कोपऱ्यात गप्प बसलेला दिसेल त्याच्यापाशी आधी जावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. मंडळीच्या खुर्च्या-फळ्याची गोष्ट तेथे काढण्यास हरकत नाही.

आणखी एक सावधगिरी. सोबत ही औषधाची जागा घेऊ शकत नाही. एखाद्याचा कान एकाएकी, एक-दोन दिवसांत गेला, तर त्याला मंडळीत नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. अशा वेळी उशीर झाला तर उपचाराचा उपयोग होत नाही. वाहणाऱ्या कानात तेल घालू देऊ नये. आमच्या मंडळीतही कोणी गावठी औषध सांगू लागला की गिरणीवाल्या बाई फळा पुसून टाकीत.

आरंभी सांगितलेली गोष्ट राहिली. त्या आजीच्या घरी मी गेलो, तो २००९ च्या दिवाळीत. म्हणजे तिने बोलाविल्यावर तीन वर्षांनी. मंडळीत एक वृद्ध गृहस्थ वाढतील, असा माझा हेतू होता. ते त्याच वर्षी चैत्रात वारले होते. आजीने मला ओट्यावर त्यांच्याच जागी बसविले. तिने सांगितले की, शेवटची काही वर्षे ते कोणी येताना दिसले की उठून आत जात. ओळखीच्या माणसाला आपण दोनदा विचारणे बरे नव्हे, असे म्हणत. नात तेव्हा सहावीत होती. मी तिची क्षमा मागितली. तिला तो प्रसंग आठवत होता, पण कारण ठाऊक नव्हते. मी कानातले यंत्र काढून तिच्या हातावर ठेवले. तिने ते उलटसुलट पाहिले आणि विचारले, "हे आजोबांना का नाही आणलं?"

आमची मंडळी अजून जमते. चालकदादा आता नाहीत. गिरणी मुलगा चालवितो, आणि तो कानावर संरक्षक घालतो. बाजाराच्या दिवशी, शाळा सुटल्यावर, त्याच खोलीत. आपल्या गावातून कोणाला पाठवावयाचे असल्यास सभा संपल्यावर मला चिठ्ठी द्यावी.

आता आपले प्रश्न घेतो. विचारताना कृपया एकेकाने हात वर करावा, माझ्याकडे तोंड करून बोलावे, आणि खिडकीजवळच्या बाईंनी ते दार ओढून घ्यावे. बाहेर ट्रॅक्टर चालू आहे. मागच्या रांगेतील मंडळींनी कागदावर लिहून पुढे पाठविले तरी चालेल.